इंजिनाला सायलेन्सरचा रंग: एक खुलासा

डब्यावर ६०० अंश सेल्सियसचा आकडा असलेला सायलेन्सरचा रंग इंजिनाच्या कोणत्याही भागाला मारावा, तो सर्वांत टिकाऊ असतो, हा समज घरी रंगकाम करणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे प्रचलित आहे. परंतु तो चुकीचा आहे.

असे रंग बहुधा सिलिकोन रेझिनवर (उष्णता सोसणाऱ्या राळेसारख्या पदार्थावर) आधारित असतात आणि हाताला कोरडे लागले तरी पक्के झालेले नसतात. त्यासाठी त्यांना साधारण २०० अंशांच्या आसपास काही काळ तापावे लागते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून जळका वायू बाहेर नेणारी नळ्यांची जोडणी) आणि सायलेन्सर ही उष्णता सहज गाठतात. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा ब्लॉक (मुख्य सांगाडा) किंवा टॅपेट कव्हर (इंजिनाचे वरचे झाकण) मात्र एरवी १०० अंशांच्या आसपासच राहते, त्यामुळे तेथे हा रंग कच्चाच राहतो आणि पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल सांडताच मऊ पडून निघून येतो. अशा भागांसाठी तेल आणि पेट्रोल सोसणारा इंजिन इनॅमल घ्यावा. मोठा आकडा म्हणजे अधिक मजबुती नव्हे, ही गोष्ट विक्रेत्यांनीही ग्राहकाला सांगायला हवी.

रंगापेक्षा पूर्वतयारी अधिक महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे: तेलाचा अंश पूर्ण काढावा, ॲल्युमिनियमला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा आम्लयुक्त अस्तर रंग, द्यावा आणि ॲल्युमिनियम धुण्यासाठी कॉस्टिक सोडा कधीही वापरू नये, कारण तो हा धातूच खातो. गॅस्केट (दोन भागांमधील गळती रोखणारी चकती) बसण्याच्या व अर्थिंगची तार जोडण्याच्या जागा झाकून ठेवाव्यात. सुटे भाग स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये मुळीच तापवू नयेत.