सायलेन्सरमधली जाळी: कशासाठी आली, कशी गेली, आणि निवडायची कशी

ठाणे आणि नवी मुंबईत ही बातमी अधूनमधून येतच असते: फेरफार केलेल्या सायलेन्सरवर वाहतूक पोलिसांची मोहीम, दंड, जप्ती. घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना आता टॉवर उभे आहेत. रात्री तिथून एकच गाडी सायलेन्सरचे बार काढत गेली, तरी आवाज भिंतींवर आपटत वरच्या मजल्यांपर्यंत चढतो. पाम बीच रोडच्या एका अंगाला खाडी आणि खारफुटी आहे, पण दुसऱ्या अंगाला सानपाडा, नेरूळ, सीवूड्सची भरवस्ती. उपवनवरून येऊरकडे वळणाऱ्या रस्त्याला तर पुढे थेट जंगलच लागतं.

हा आवाज कमी-जास्त होतो तो बहुतेक वेळा एका साध्या भागामुळे. भोकं पाडलेली एक नळी, सायलेन्सरच्या शेपटात बसवलेली. गॅरेजमध्ये तिला कोणी बॅफल म्हणतं, कोणी जाळी. बाहेरून घेतलेल्या सायलेन्सरसोबत ती ‘डीबी किलर’ या नावाने येते. ही नळी काढता येईल अशी बनवली गेली ती साफसफाईसाठी. ती काढून फेकायची पद्धत खूप नंतर पडली. हा क्रम ध्यानात असला की कोणती जाळी घ्यायची हे ठरवणं बरंच सोपं होतं.

सायलेन्सरची कल्पना मोटारीइतकीच जुनी. अमेरिकेत रीव्ह्ज बंधूंना एक्झॉस्ट मफलरचं पेटंट 1897 साली मिळालं. सिलिंडरमधून सुटणारा वायू म्हणजे दाबाचे एकामागून एक धक्के. ते मोठ्या पोकळीत सोडले, आडव्या पडद्यांवर आपटवले, उलट-सुलट फिरवले की त्यांची धार जाते. आजही कंपनीच्या बहुतेक सायलेन्सरमध्ये हेच चालतं: आत दोन-तीन कप्पे, मधे पत्र्याचे पडदे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या नळ्या. सुरुवातीच्या काळात अनेक गाड्यांना ‘कट-आउट’ असे. खटका ओढला की वायू सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर! गावाबाहेर चढावर तो उघडायचा आणि वस्तीत शिरताना बंद करायचा, असा त्याचा वापर अपेक्षित होता. तो वस्तीतही उघडा राहू लागला, म्हणून त्यावर बंदी येत गेली.

आपल्याकडे जाळीची खरी ओळख झाली ती टू-स्ट्रोक, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक फेरीला पेटणाऱ्या गाड्यांमुळे. 1961 पासून म्हैसूरला जावा बनू लागली, पुढे तिचीच येझदी झाली. मग राजदूत आली, आणि 1985 मध्ये यामाहा आरएक्स 100. या इंजिनांत पेट्रोलबरोबर तेलही जळतं, आणि न जळलेलं तेल काजळीसकट सायलेन्सरमध्ये साचतं. त्यामुळे जाळी काढून साफ करणं हे सर्व्हिसिंगमधलं नेहमीचं काम. आरएक्सच्या सायलेन्सरच्या टोकाशी एक छोटा बोल्ट असतो. तो सोडवायचा, पक्कडीने नळीचं तोंड धरून थोडं पिळायचं आणि ओढायचं. बरेच दिवस हात लागला नसेल तर ती सहजी निघत नाही. निघाली की तेलाने ओलीचिंब, डांबरासारखा काळा थर चढलेली, अर्धी भोकं बुजलेली. मेकॅनिक ती आगीवर धरतो, नाहीतर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत घालतो. मग तारेने भोकं मोकळी करायची, ठोकून राख झाडायची आणि नळी परत बसवायची. गाडीचं मेलेलं पिकअप तेवढ्यानेच परत येतं.

घोळ झाला तो इथेच. बुजलेली जाळी काढली की गाडी पळते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावरून ‘जाळी नसली की गाडी आणखी पळेल’ असा समज पसरला. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आवाज दाबतो, पण त्याचं काम तेवढ्यावर संपत नाही. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे शास्त्र पक्कं केलं. सायलेन्सरच्या पोटाचा आकार असा ठेवायचा, की बाहेर जाणारी दाबाची लाट उलटून नेमक्या क्षणी सिलिंडरच्या तोंडाशी परत येईल आणि निसटू पाहणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत ढकलेल. 1961 मध्ये त्यांचा शर्यतीतला रायडर आणि इंजिनिअर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि हे ज्ञान सुझुकीकडे पोहोचलं. पुढच्या जपानी टू-स्ट्रोकच्या जडणघडणीत या कामाचा वाटा मोठा आहे. शेपटातल्या नळीचा व्यासही या हिशेबाचा भाग असतो. ती काढली की आतला दाब बदलतो, कार्ब्युरेटरचं जेटिंग (पेट्रोल किती सोडायचं याचं माप) जुळेनासं होतं, आणि आवाज मात्र हमखास वाढतो.

बुलेटची गोष्ट वेगळी आहे. ती फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा पेटणारी, आणि तिच्यात पेट्रोलबरोबर तेल जळत नाही, त्यामुळे काजळीचा तसा त्रास नाही. 1955 पासून मद्रासमध्ये बनू लागलेल्या 350 बुलेटचा पिस्टन 70 मिलिमीटर रुंद आणि त्याची धाव 90 मिलिमीटर. मिनिटाला हजार फेऱ्यांवर सिलिंडर सेकंदाला आठच्या आसपास वेळा पेटतो, म्हणून प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. कंपनीच्या सायलेन्सरमधून तो भारदस्त पण मऊ येई. 2008 ते 2010 च्या सुमारास जुनं कास्ट आयर्न इंजिन जाऊन नवं आलं. त्यात व्हॉल्व्हची खडखड कमी करणारे हायड्रॉलिक टॅपेट होते आणि सायलेन्सरही अधिक शांत होता. ‘जुना आवाज गेला’ अशी हळहळ सुरू झाली, आणि बाहेरच्या सायलेन्सरचा बाजार फुगला; पंजाब, इंदोरी, शॉर्ट बॉटल, डॉल्फिन ही त्यातल्या सायलेन्सरची नावं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातले बरेच नग जुन्या बुलेटपेक्षा कितीतरी कर्कश असतात. जुन्या आवाजाच्या नावावर विकलं जातंय ते जुनं नाहीच.

कायदाही याच काळात कडक होत गेला. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 120 वा नियम प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो. नव्या मोटारसायकलींच्या आवाजाच्या मर्यादा अशा: 80 सीसीपर्यंत 75 डेसिबल, 175 सीसीपर्यंत 77, त्यावर 80. हे आकडे गाडी पूर्ण थ्रॉटलवर जात असताना साडेसात मीटर अंतरावरून मोजलेले असतात. उभ्या गाडीच्या चाचणीत माइक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर असतो, साहजिकच आकडा बराच जास्त येतो. त्यामुळे मोबाइल ॲप पाइपाजवळ धरून 80 शी तुलना करण्यात अर्थ नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे निकष मोडून गाडी चालवल्यास कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकासाठी कलम 182अ वेगळं आहे. ठाण्यात आवाजाबद्दलची जागरूकता वाढवण्यात डॉ. महेश बेडेकर यांच्या मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेचा वाटा मोठा. तिचा रोख उत्सवांतल्या लाउडस्पीकरवर होता. पण ऑगस्ट 2016 च्या निकालात पोलिसांना आवाज मोजण्याची यंत्रं पुरवण्याचा मुद्दाही होता, आणि यंत्र हाती असलं की ते कुठल्याही आवाजासमोर धरता येतं.

आता निवडीकडे. आधी आपल्या सायलेन्सरमध्ये काय आहे ते बघा. गाडी थंड असताना शेपटातून टॉर्च मारा. समोर पत्र्याचा पडदा आणि बाजूला सरकलेलं भोक दिसलं, तर आत कप्पे आहेत. हा बहुधा कंपनीचा माल, त्यात हात घालू नये; कापून पुन्हा वेल्ड केलेला असा सायलेन्सर पूर्वीसारखा कधीच होत नाही. आरपार सरळ नळी आणि तिला सगळीकडून बारीक भोकं दिसली, तर तो ग्लासवूलवाला, म्हणजे नळीभोवती काचेच्या तंतूंची लोकर भरलेला. त्यात आवाज शोषणारं काम ग्लासवूलच करतं, आणि ते उष्णतेने जळत, वायूबरोबर उडत जातं. पहिल्या दिवशी सोसवणारा सायलेन्सर पुढे बोंबलू लागतो तो यामुळे. बाहेरून टिचकी मारल्यावर पोकळ, खणखणीत वाजला तर नवी जाळी शोधण्याआधी ग्लासवूल बदला. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तोंडाशी एखादा बोल्ट किंवा खाचेत बसलेली सर्कलिप (स्प्रिंगची कडी) असेल, तर आत निघणारी जाळी आहे, किंवा कधीकाळी होती.

सुटी जाळी घेताना सायलेन्सरच्या नावावर भरवसा ठेवू नका, एकाच नावाचा माल दहा मापांत मिळतो. व्हर्नियरने (बारीक मापं घेण्याच्या पट्टीने) तोंडाचा आतला व्यास घ्या, कडेपासून बोल्टच्या भोकापर्यंतचं अंतर घ्या, आणि जुनी जाळी असेल तर तीच दुकानात न्या. जाळीच्या आतल्या नळीचा व्यास जितका कमी तितका आवाज कमी. मात्र तो फार कमी केला तर इंजिन गुदमरतं आणि तापतं. सैल जाळी कधीच घेऊ नये, ती थरथरून वाजते आणि एक दिवस रस्त्यात निसटते. बोल्टला स्प्रिंग वॉशर लावा.

बीएस 6 (धुराचे नवे निकष पाळणाऱ्या) गाड्यांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते: धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनापासून निघणाऱ्या बेंड पाइपात आहे की सायलेन्सरच्या पोटात. पोटात असेल तर सायलेन्सर बदलताना तोही जातो, आणि मग आत कितीही चांगली जाळी बसवली तरी गाडी धुराच्या निकषांत बसत नाही. अशा गाडीला कंपनीचाच सायलेन्सर ठेवावा. बदललाच असेल तर मूळचा भंगारात देऊ नका, तेलाचा हात फिरवून गोणपाटात बांधून ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक तो मागतंच.