लॅक्स्टन

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील एक लहान खेडे. मध्ययुगातली खुल्या शेतांची पद्धत इथे अजून चालू आहे, तीही गावच्या न्यायसभेसकट. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या पाहणीत, गावाचे नाव सापडते आणि नॉर्मन गढीची मातीची टेकाडे आजही दिसतात; पण पाहण्यासारखे खरे आहे ते वावरात.

साउथ, मिल आणि वेस्ट अशी तीन मोठी शिवारे आहेत. प्रत्येकात लांबट पट्ट्या पाडलेल्या, आणि एकेका कुळाची जमीन तिन्हींकडे विखुरलेली. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरे पड. दरवर्षी पाळी फिरते. जमीन अशी पांगल्यामुळे जुनी घरे-गोठे गावातल्या रस्त्यालाच लागून आहेत.

पट्ट्यांमध्ये कुंपण नाही. आपल्याकडे ज्याला 'बांध कोरणे' म्हणतात तो उद्योग इथे आणखी सोपा, कारण कोरायला बांधच नाही. फाळ वीतभर पलीकडे गेला की झाले. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस ज्युरी, म्हणजे गावच्या शेतकऱ्यांचे पंचमंडळ, गव्हाच्या शिवारात फिरते. शेजाऱ्याच्या पट्टीत, वाटेत किंवा 'साइक' नावाच्या राखीव गवताळ पट्ट्यात कुणी नांगर घातला का ते पाहते, हद्दीवर खुंट्या ठोकते, दंड ठरवते. आठवड्याभराने डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये 'कोर्ट लीट', म्हणजे ती न्यायसभा, भरते. तिथे दंड नोंदतात आणि पुढच्या वर्षीची ज्युरी शपथ घेते. रक्कम किरकोळ असते. चारचौघांत नाव वाचले जाते, तेच जास्त लागत असावे. १९७७ च्या कायद्याने देशभरच्या अशा सभांचे न्यायाधिकार काढून घेतले, लॅक्स्टनचे मात्र ठेवले.

१६३५ मध्ये मार्क पीअर्स याने सर विल्यम कोर्टेन या लंडनच्या व्यापारी जमीनदारासाठी गावाचा नकाशा काढला. त्यात पट्टी न् पट्टी आहे, शिवाय नांगरणारी आणि कापणी करणारी चिमुकली माणसेही. तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनी इंग्लंडभर खुली शेते कुंपणांत गेली. लॅक्स्टनचीही काही जमीन गेली, गाभा वाचला. १९५२ मध्ये अर्ल मॅन्व्हर्स यांनी ही मालमत्ता कृषी मंत्रालयाला विकली, १९८१ मध्ये ती राजमुकुटाच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेट या संस्थेकडे आली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने, म्हणजे मॅन्व्हर्स घराण्याच्याच जुन्या जहागिरीने, ती परत विकत घेतली.