गुळवेलीचा रस, केमो आणि उंदराच्या मज्जेतले ठिपके

सकाळी सारसबागेच्या आसपास रसाचे स्टॉल लागतात. कारलं, दुधी, आवळा, गव्हांकुर आणि अर्थातच गुळवेल. घरात कुणाची केमो सुरू असली की तिथूनही एखादी बाटली घरी जाते. ‘पेशींचं रक्षण होतं, संशोधनात सिद्ध झालंय’ असं सांगणारा नातेवाईक प्रत्येक कुटुंबात असतोच. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. प्रश्न आहे तो नेमकं काय सिद्ध झालं याचा.

सायक्लोफॉस्फामाइड हे केमोतलं जुनं, आजही वापरात असलेलं औषध. ते यकृतात गेल्यावरच कामाला लागतं. तिथली एन्झाइम्स त्याचं रूपांतर करतात आणि शेवटी दोन पदार्थ तयार होतात. एक डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडून टाकतो. पेशीला मग विभागता येत नाही. दुसरा, अ‍ॅक्रोलीन, लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयाच्या अस्तराची आग करतो. जखडणाऱ्याला कॅन्सरची पेशी आणि हाडांच्या मज्जेतली निरोगी पेशी यांतला फरक कळत नाही.

हे नुकसान मोजायची एक फार हुशार पद्धत आहे. उंदराला आधी वनस्पतीचा अर्क पाजायचा, मग औषध टोचायचं. साधारण २४ तासांनी मांडीच्या हाडातली मज्जा काढून काचपट्टीवर पसरायची आणि गिम्सा रंगाने रंगवायची. तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. पण गुणसूत्राचा तुटलेला तुकडा तिच्यात मागे राहू शकतो. रंगवल्यावर निळसर दिसणाऱ्या या पेशीत तो गडद, गोल ठिपक्यासारखा दिसतो. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेका उंदराच्या हजारो पेशी तपासायच्या नि ठिपके मोजायचे; मान मोडणारं काम!

तुळस, आवळा, हळदीतलं कर्क्युमिन यांच्यावर असे प्रयोग झाले आहेत आणि ठिपके कमी झाल्याचे निष्कर्षही आहेत. श्रेय बहुधा अँटिऑक्सिडंट गुणांना दिलं जातं.

मला मात्र इथे एक शंका छळते. अर्काने यकृतातल्या त्या एन्झाइम्सनाच अडवलं, तर? औषध पुरेसं तयारच होणार नाही. ठिपके तरीही कमीच दिसतील, आणि आपण त्याला संरक्षण म्हणू. शिवाय यातल्या बऱ्याच प्रयोगांत उंदराला कॅन्सर नसतोच. गाठही वाचते का, हे मग कळणार कसं? २००२ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरची गाठ असलेल्या उंदरांना कर्क्युमिनयुक्त आहार दिला, तेव्हा सायक्लोफॉस्फामाइडचा गाठीवरचा परिणामच कमी झाला. गुळवेलीबाबत तर २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, केमो चालू असताना यकृताशी खेळ नको. रस सुरू असेल तर ऑन्कॉलॉजिस्टना सांगायलाच हवं, ‘घरचंच आहे’ म्हणून लपवायचं नाही.

निवडक संरक्षण अशक्य आहे असं नाही. मेस्ना नावाचं औषध रक्तात बव्हंशी निष्क्रिय रूपात फिरतं, मूत्रपिंडात पुन्हा सक्रिय होतं आणि मूत्राशयात अ‍ॅक्रोलीनला पकडतं. गाठीवर चाललेल्या कामात ते पडत नाही. मज्जेचं रक्षण मात्र त्यालाही जमत नाही. एखाद्या अर्काला ते जमतं का, हे पाहायचं तर त्याच उंदराच्या मज्जेतले ठिपके आणि त्याच उंदराची गाठ, दोन्ही मोजावं लागेल.