होलपासून मागे मागे : मुलांच्या गोल्फमधल्या पायऱ्या कशा आल्या

कोल्हापुरात गोल्फचा विषय निघाला की आधी जमिनीचा प्रश्न येतो. अठरा होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या अठरा खळग्यांच्या, मैदानाला शंभर-दीडशे एकर लागतात, वर हिरवळीला रोजचं पाणी. उसाच्या पट्ट्यात एवढी जमीन कोण सोडणार? पण मुलांना शिकवताना सुरुवातीला एवढं मैदान लागतच नाही. हे गोल्फवाल्यांच्या ध्यानात यायला मात्र फार काळ गेला.

जुन्या काळी गरिबाघरची मुलं गोल्फ शिकायची ती कॅडी म्हणून. साहेबाची पिशवी खांद्यावर घ्यायची, त्याचे फटके बघायचे आणि मैदान मोकळं झालं की तसाच मारून बघायचा. १९१३ मध्ये विसाव्या वर्षी हॅरी वॉर्डन आणि टेड रे या ब्रिटनच्या नावाजलेल्या खेळाडूंना हरवून यूएस ओपन जिंकणारा फ्रान्सिस विमेट असाच घडला होता. त्या सामन्यात त्याची पिशवी उचलणारा एडी लोअरी तर अवघा दहा वर्षांचा होता. आपल्याकडे रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ पासूनचा. तरीही इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू मिळाला तो १९९१ मध्ये. ते अली शेर, दिल्लीच्या कॅडींमधून वर आलेले. बघून बघून शिकण्यात असे हिरे निघाले, पण ज्यांना नुसतं बघून जमलं नाही त्यांची नोंद कुणी ठेवली नाही.

क्लबच्या सभासदांच्या मुलांचंही फार बरं नव्हतं. त्यांच्या हातात मोठ्यांची काठी दांडी कापून दिली जायची. दांडी आखूड झाली तरी खालचं डोकं तेवढंच जड राहतं आणि दांडी जास्त ताठ होते. मग सात-आठ वर्षांचं पोर ती काठी अंगाच्या झोकानं उचलतं, तोल जातो आणि तीच सवय लागते.

ब्रिटनमध्ये मुलांना या खेळाकडे आणण्यासाठी १९५२ मध्ये गोल्फ फाउंडेशन स्थापन झालं. खरी कलाटणी मिळाली ती १९९७ मध्ये. त्या एप्रिलमध्ये एकवीस वर्षांच्या टायगर वुड्सनं मास्टर्स स्पर्धा बारा फटक्यांनी जिंकली आणि गोल्फकडे न फिरकणाऱ्या घरांतली मुलंही टीव्हीसमोर बसली. त्याच सुमारास अमेरिकेत यूएस किड्स गोल्फ या कंपनीनं मुलांच्या उंचीप्रमाणे हलक्या काठ्या बनवायला सुरुवात केली, आणि १९९७ सरता सरता मुलांना गोल्फ शिकवणारी फर्स्ट टी ही संस्था जाहीर झाली. तिच्या पायऱ्यांना पुढं खेळातलीच नावं मिळाली : प्लेअर, पार, बर्डी, ईगल, एस. फटक्यांच्या जोडीनं प्रामाणिकपणा, सौजन्य, चिकाटी अशी मूल्यंही तिथं शिकवली जातात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण गोल्फमध्ये खेळाडू बहुतेक वेळा स्वतःच स्वतःचे फटके मोजतो, चुकला तर दंडही स्वतःच लावून घेतो.

पुढे शाळांसाठी स्नॅग आणि ट्राय-गोल्फसारखी साधनं आली. मोठ्या डोक्याची प्लास्टिकची काठी, मऊ चेंडू, आणि स्नॅगमध्ये होलऐवजी चेंडू चिकटेल असा उभा खांब. फक्कीनं एक रेघ मारायची, मुलं अंतर ठेवून रेघेवर उभी करायची, सगळ्यांचे फटके मारून झाले की काठ्या खाली, आणि शिट्टी वाजल्यावरच सगळ्यांनी मिळून चेंडू आणायला धावायचं. एवढी शिस्त पाळली तर कबड्डीच्या मैदानावरही वर्ग चालतो.

पायऱ्यांचा क्रम होलपासून मागे जातो, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. पार ७२ च्या, म्हणजे चांगल्या खेळाडूनं ७२ फटक्यांत संपवायच्या, मैदानावर प्रत्येक होलला दोन ‘पट’ (चेंडू घरंगळवत होलकडे न्यायचे फटके) धरले तर ३६ फटके होलभोवतीच्या हिरवळीवरचेच, म्हणजे निम्मा खेळ. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. तिथं चेंडू घरंगळत नेण्याला ताकद लागत नाही, नजर आणि हात लागतो, आणि तो सहा वर्षांच्या मुलीलाही जमतो. म्हणून आधी पट, मग हिरवळीजवळून मारायचा छोटा फटका म्हणजे चिप, मग त्याहून उंच आणि लांब जाणारा पिच, आणि लांब पल्ल्याची काठी, ड्रायव्हर, सगळ्यांत शेवटी. ऑपरेशन ३६ या अमेरिकन पद्धतीनं हा क्रम अगदी काटेकोर केला. मूल प्रत्येक होलपासून २५ यार्डांवरून सुरुवात करतं. नऊ होल ३६ फटक्यांत किंवा त्याहून कमीत झाले तरच ५० यार्डांवर जायचं, मग १००, १५०, २०० आणि शेवटी पूर्ण अंतर. पहिली पायरी क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा जेमतेम तीन यार्डांनी लांब. वय विचारायचं नाही, बापाची ओळख विचारायची नाही. आकडा आला की पुढं.

ही रीत कोल्हापूरला परकी नाही. मोतीबाग असो की गंगावेस, तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला लगेच डाव देत नाहीत. आधी हौद्यातली माती उकरायची, जोर-बैठका काढायच्या, जोडीच्या पोराशी धरायचं, मग डाव. खासबाग मैदान फार पुढची गोष्ट. नेमबाजीत तर पात्रतेचे गुण झाल्याशिवाय वरच्या स्पर्धेचं दार उघडत नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तिघंही याच चाळणीतून गेले. कुस्ती आणि फुटबॉलच्या या गावानं नेमबाजी आपली केली, तेव्हा इथं गोल्फ रुजणार नाही असं मी मानत नाही.

अडचण आहे ती पायऱ्यांच्या मध्यावर. २५ आणि ५० यार्डांचं काम शाळेच्या मैदानावर भागतं. १०० यार्डांपासून मात्र खरा चेंडू, खरं गवत आणि मोकळी जागा हवी. २०० यार्ड म्हणजे जवळपास १८३ मीटर. तेवढा पट्टा आणि त्याच्या टोकाला नीट राखलेली एक-दोन हिरवळ असली तरी मुलांचं पुष्कळ शिक्षण पुरं होईल. दीडशे एकरांची वाट बघत बसण्यापेक्षा जिल्ह्याच्या क्रीडा नियोजनात असा एक पट्टा आधी मागायला हवा, आणि त्याच वेळी शाळांच्या क्रीडाशिक्षकांना नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाच्या प्रशिक्षणाला पाठवायला हवं.