लौकिक एका नवी मुंबईचा, घर दुसरीत

नवी मुंबईविषयी तीन गोष्टी सर्रास सांगितल्या जातात. हे शहर नियोजित आहे, देशातील सर्वांत स्वच्छ शहरांत त्याची गणना होते आणि स्वतःचे धरण असल्यामुळे येथे पाण्याची ददात नाही. तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही गोष्टी एकाच शहराविषयी नाहीत. पहिली सिडको या शहर आखणाऱ्या सरकारी कंपनीच्या नवी मुंबईची आहे आणि उरलेल्या दोन नवी मुंबई महानगरपालिकेच्या आहेत. या दोन नवी मुंबयांच्या सीमा, जबाबदाऱ्या आणि पाण्याचे स्रोत वेगवेगळे असूनही घराच्या जाहिरातींत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि नातेवाइकांच्या सल्ल्यांत त्या बिनदिक्कत एक होतात. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या खारघर किंवा उलव्यातील सदनिका महापालिकेच्या मोरबे धरणाच्या नावावर विकली जाते, तेव्हा या गोंधळाची किंमत घेणारा पुढची वीस वर्षे हप्त्यांतून फेडत असतो.

महापालिकेची नवी मुंबई बहुतेकांना परिचयाची आहे, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधल्या पट्टीत दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, नेरुळ आणि बेलापूर हे तिचे विभाग आहेत. 17 डिसेंबर 1991 रोजी तिची स्थापना झाली आणि 1 जानेवारी 1992 पासून कारभार सुरू झाला. जिल्हा ठाणे आहे आणि गाड्यांच्या पाट्यांवर एमएच 43 असते.

सिडकोची नवी मुंबई तिच्या तिपटीहून मोठी आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली आणि त्यासाठी मार्च 1970 मध्ये राज्य सरकारने सिडको ही कंपनी स्थापन केली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील 95 गावांचे सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्याकडे आले. महापालिकेचे क्षेत्र त्यातले जेमतेम 109 चौरस किलोमीटर आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल आणि तळोजा हे नोड, म्हणजे नियोजित वसाहती, सिडकोने वसवले, पण ते रायगड जिल्ह्यात आहेत आणि 1 ऑक्टोबर 2016 पासून पनवेल महानगरपालिकेत आहेत. उलवे आणि द्रोणागिरी तर कोणत्याच महापालिकेत नाहीत. ज्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले, तोही नाव नवी मुंबईचे असले तरी नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत नाही. पोलीस आयुक्तालयाची नवी मुंबई आणखी निराळी, कारण तिच्यात पनवेल आणि उरणही येतात. पिनकोड, आरटीओ आणि तहसील कार्यालये यांचे फरक एका दिवसात पाठ होतात आणि त्यांच्यावाचून कोणाचे फारसे अडत नाही.

अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. शहर आखणे आणि शहर चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत, ती वेगळ्या संस्थांकडे आहेत आणि एकीच्या कर्तबगारीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. सिडको ही जमिनीची मालक असलेली सरकारी कंपनी आहे. तिने जमीन संपादन केली, सेक्टर पाडले, रस्ते आणि पूल बांधले, हार्बर मार्ग खाडीपलीकडे आणण्याच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा उचलला, भूखंड 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले आणि त्या उत्पन्नातून पुढचे नोड उभे केले. तिचे संचालक राज्य सरकार नेमते. तिच्याकडे तुमचा नगरसेवक नसतो, कारण ती तुम्ही निवडून दिलेली संस्था नाही. महापालिका मात्र कर घेते, दररोज कचरा उचलते, नळाला पाणी सोडते, रुग्णालये आणि शाळा चालवते. नियोजनाचा लौकिक पहिलीचा आहे, तर रोजच्या जगण्याची सोय किंवा गैरसोय दुसरीवर अवलंबून आहे. घर घेणारा माणूस पहिलीचा नकाशा पाहून निर्णय घेतो आणि दुसरीच्या कारभारात आयुष्य काढतो. ती दुसरी संस्था त्याच्या नोडमध्ये नेमकी कोणती आहे, किंवा आहे तरी का, हे विचारायचेच राहून जाते.

पाण्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मोरबे धरण रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने हाती घेतलेला हा प्रकल्प नवी मुंबई महापालिकेने विकत घेतला आणि त्याची क्षमता दररोज 450 दशलक्ष लिटर पाण्याची आहे. पावसाळ्यात पातळी 88 मीटरला पोहोचली की ‘नवी मुंबईकरांची चिंता मिटली’ अशी बातमी येते आणि खारघरमधला, उलव्यातला वाचकही निश्चिंत होतो. ही बातमी वस्तुतः दिघा ते बेलापूर या पट्टीची असते. मोरब्याची जलवाहिनी पनवेलच्या बाजूने येते आणि सिडकोच्या दक्षिणेकडील वसाहतींना त्यातले काही पाणी मिळतेही, पण तो दोन संस्थांमधल्या व्यवस्थेचा भाग आहे, धरणावरचा हक्क नव्हे. खारघर, तळोजा, उलवे आणि द्रोणागिरी यांची मुख्य भिस्त पेण तालुक्यातील हेटवणे धरणावर आहे, तर कळंबोली आणि नवीन पनवेलला पाताळगंगेचे पाणी जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून येते. या योजनांच्या क्षमता, जलवाहिन्यांची वये आणि दुरुस्तीचे दिवस वेगळे आहेत. म्हणून नेरुळमध्ये पूर्ण दाबाने पाणी येत असताना खारघरमधील एखाद्या सेक्टरच्या फाटकाशी टँकर उभा असणे यात विसंगती काहीच नाही. विसंगती आहे ती दोन्ही ठिकाणांना एकाच धरणाचे आश्वासन देण्यात.

स्वच्छतेचेही तसेच आहे. स्वच्छ सर्वेक्षणात 2020, 2022 आणि 2023 या वर्षी नवी मुंबईला देशात तिसरा क्रमांक मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या सफाई कामगारांविषयी मला मनापासून अभिमान वाटतो. परंतु हे सर्वेक्षण नागरी स्थानिक संस्थांचे असते. पनवेल महापालिकेला तिचा स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि उलव्यासारख्या नोडला स्वतःची नागरी संस्था नसल्यामुळे मोजलेच जात नाही. कळंबोलीच्या इमारतीच्या जाहिरातीत तो तिसरा क्रमांक छापणे ही उघड दिशाभूल आहे, मग ती अज्ञानातून झालेली असली तरी.

आता उलट बाजू. महापालिकेच्या चांगल्या कामाचे श्रेय जसे सिडकोच्या सगळ्या प्रदेशाला मिळते, तसा चालवण्यातला दोष आखणीच्या माथी मारला जातो. वाशी, सानपाडा, नेरुळ आणि बेलापूर यांचा बराचसा भाग खाडीत भराव घालून तयार केलेला आणि मोठ्या भरतीच्या पातळीखाली असलेला आहे. हे आखणाऱ्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी खाडीकिनारी धारण तलाव ठेवले. भरतीच्या वेळी खाडीकडची झडपदारे मिटतात, शहरातले पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की ते खाडीत निघून जाते. योजना उत्तम होती आणि आजही आहे. तलाव पुढे सिडकोकडून महापालिकेकडे आले, त्यांच्यात गाळ साचला, गाळावर कांदळवन वाढले आणि कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे परवानगीवाचून गाळ काढणे अशक्य झाले. तलाव उथळ झाल्यावर जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की रस्त्यावर पाणी चढते. दुसऱ्या दिवशी मथळा असतो की नियोजित शहराच्या नियोजनाचा बोजवारा उडाला. ही मांडणी चुकीची आहे. बोजवारा उडाला तो देखभालीचा, आणि त्याच्या मुळाशी दोन संस्थांमधील हस्तांतरण आणि वर्षानुवर्षे रखडलेल्या परवानग्या आहेत. दोष चुकीच्या जागी दाखवला की उपायही चुकीच्या जागी शोधला जातो. मग नव्या आराखड्याची मागणी होते आणि गाळ आहे तिथेच राहतो.

आखणीत दोष नव्हते असे माझे म्हणणे नाही. सर्वांत मोठा दोष गावठाणांचा आहे आणि त्याविषयी बोलताना नेमका उलटा आरोप होतो. घणसोली, तळवली, गोठिवली, दिवाळे, करावे, शिरवणे आणि जुहूगाव ही गावे सेक्टरांच्या कितीतरी आधीची आहेत. आगरी आणि कोळी कुटुंबांची भातशेती, मिठागरे आणि मासेमारीच्या जागा शहरासाठी गेल्या, पण गावठाणाची हद्द मात्र वाढत्या कुटुंबांच्या मानाने वाढवली गेली नाही. मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनाचे नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केले आणि जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातील गोळीबारात पाच आंदोलकांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्यानंतर, 1990 च्या दशकात अमलात आली. ती येईपर्यंत आणि आल्यावरही भूखंड हाती पडेपर्यंत ज्यांची मुले मोठी झाली आणि लग्ने झाली, त्यांनी घरावर मजला चढवला. ही गरजेपोटी बांधलेली घरे आज ‘अनधिकृत’ म्हणून मोजली जातात, आणि सेक्टरमधील सोसायटीत राहणारे लोक गावातील अरुंद गल्लीकडे बोट दाखवून ‘यांनी नियोजित शहराची वाट लावली’ असे म्हणतात. गावांनी आराखडा मोडला नाही. आराखड्याने गावांची पुढची पिढी मोजली नाही. गरजेपोटीची घरे आणि बाहेरच्या विकासकाने गावठाणाच्या आडून उभारलेले टॉवर यांत अर्थातच फरक केला पाहिजे, पण सरसकट गावांना दोष देणारे लोक तो कधी करत नाहीत.

आखणीतले दुसरे अपयश त्याहून मोठ्या पातळीवरचे आहे. मुंबईवरचा भार कमी व्हावा म्हणून राज्य सरकारने आपली मुख्य कार्यालये खाडीपलीकडे हलवावीत ही मूळ कल्पनेतली कळीची गोष्ट होती. कोकण भवन बेलापूरला आले आणि घाऊक बाजार वाशीला आले, पण मंत्रालय नरिमन पॉइंटलाच राहिले. त्यामुळे सकाळी वाशीच्या पुलावरची गर्दी अजून मुंबईच्याच दिशेने वाहते.

महापालिकेच्या हद्दीत घर असणाऱ्यांनाही हा फरक सुटत नाही. वाशीतील सदनिका विकताना मालमत्ता कर भरल्याचा दाखला महापालिकेकडून लागतो. पण इमारत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील भूखंडावर असेल, आणि बहुतेक ठिकाणी तसेच असते, तर सिडकोचे ना हरकत प्रमाणपत्र आणि हस्तांतरण शुल्कही लागते. सिडकोनेच बांधलेल्या जुन्या गळक्या इमारतींच्या पुनर्विकासात बांधकामाची परवानगी महापालिका देते आणि जमिनीची मालक म्हणून संमती सिडको देते. वर्षानुवर्षे अडकलेल्या सोसायट्यांपैकी अनेकांनी यातले एकच दार ठोठावलेले असते. खारघर आणि कामोठ्यातील रहिवाशांना हा धडा आणखी महाग पडला. नोड पनवेल महापालिकेत गेले तरी काही सेवा काही काळ सिडकोकडेच राहिल्या आणि लोक तिला सेवा शुल्क देत राहिले. नंतर महापालिकेने स्थापनेपासूनचा मालमत्ता कर मागितला, तेव्हा एकाच काळासाठी दोनदा पैसे का, असा प्रश्न उभा राहिला. रहिवाशांचा राग मला रास्त वाटतो, पण त्याचे मूळही संक्रमणाच्या त्या काळात चालवणारी संस्था नेमकी कोण, हे स्पष्ट नसण्यातच होते.

म्हणून घर घेणाऱ्याने पाम बीच रस्त्याची छायाचित्रे आणि ‘नियोजित शहर’ ही अक्षरे बाजूला ठेवून साध्या चौकशा कराव्यात. या इमारतीचा कचरा आज कोण उचलते, पाणी कोणत्या धरणातून किंवा नदीतून येते, पाण्याचे देयक कोणाच्या नावे निघते, भूखंड भाडेपट्ट्याचा आहे की साडेबारा टक्क्यांतला, आणि तक्रार घेऊन जायचे ते विभाग कार्यालय कोठे आहे, हे त्याच इमारतीत राहणारा कोणीही पाच मिनिटांत सांगू शकतो. विक्री कार्यालयात मिळालेल्या उत्तरापेक्षा ते उत्तर ग्राह्य धरावे.

हे आताच ठासून सांगण्याचे कारण विमानतळाभोवतीचे नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र आहे. 2013 पासून तेथील नियोजनाची जबाबदारी सिडकोकडे आहे, त्यामुळे तेथील भूखंडही नवी मुंबईच्याच नावाने विकले जात आहेत. पण सिडकोने तेथे जुन्या पद्धतीने सगळी जमीन संपादन केलेली नाही. नगररचना योजनेत जमीनमालकांना 40 टक्के जमीन विकसित भूखंडाच्या रूपाने परत मिळते आणि उरलेली रस्ते, उद्याने व अन्य सोयींसाठी जाते. आराखड्यातला रुंद रस्ता प्रत्यक्षात येईपर्यंत इमारत उभी राहते, लोक राहायला येतात आणि रोजचा कारभार मात्र गावच्या ग्रामपंचायतीकडेच असतो. तेथे घर घेणाऱ्याने सिडकोचा नकाशा जरूर पाहावा, पण त्याआधी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाऊन सध्या पाणी कोठून येते आणि कचऱ्याची गाडी आठवड्यातून किती वेळा फिरते, हे विचारून घ्यावे.