ग्रुप बाय आणि बुकिंग: यादी दोन्हीकडं, ॲडव्हान्स दोन्हीकडं, मग फरक कुठं?

"मारुती जिप्सीचं बोनेट आणि दोन्ही मडगार्ड मागवायचेत, दहाजण झाले की रेट उतरतोय, कोण कोण येणार?" बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड पट्ट्यातल्या गाडीवाल्यांत हा विषय सारखा निघतोच. मग पटापट नावं येतात, यादी होते, कुणीतरी क्यूआर टाकतंय, लोक निम्मे पैसे भरतात आणि वाट बघत बसतात. आता ह्यात गंमत अशी की हे नक्की काय चाललंय हे पैसे भरणाऱ्यातल्या निम्म्यांना सांगता येणार नाही, कारण बाहेरून अगदी सेम दिसणारे दोन वेगवेगळे व्यवहार आहेत. एक ग्रुप बाय. दुसरं बुकिंग, ज्याला आजकाल प्री-ऑर्डर म्हणतात. आणि बुकिंगला ग्रुप बाय म्हणून खपवायची सवय आता चांगलीच रुजलीय.

सोपं सांगायचं तर ग्रुप बाय म्हणजे मंडळाची वर्गणी आणि बुकिंग म्हणजे दुकानाचा गल्ला. ग्रुप बायमधे सगळेच गिऱ्हाईक, त्यातला एकजण फक्त पुढं होऊन सप्लायरशी बोलतो, पैसे गोळा करतो, बिल्टी (ट्रान्स्पोर्टची पावती) दाखवून माल सोडवतो. त्याच्या खात्यात पैसे पडले म्हणून ते त्याचे होत नाहीत. बुकिंगमधे पुढं झालेला माणूस विकणारा असतो, तो तुम्हाला एक भाव सांगतो, त्याला तो माल कितीला पडला हे विचारायचा तुम्हाला हक्क नाही आणि त्यानं सांगायची गरजही नाही. दोन्ही प्रामाणिक धंदे आहेत ओ, बुकिंग घेणारा म्हणजे चोर असं अजिबात नाही. पण नफा खिशात घालायचा विकणाऱ्यासारखा आणि नुकसान आलं की "आपण सगळे मिळूनच घेतलंय ना" म्हणायचं, हे मात्र चालत नाही.

पहिलं बघायचं ते भावाचं. ग्रुप बायमधे सप्लायरचं कोटेशन सगळ्यांना दिसलं पाहिजे, जसंच्या तसं, फोटो काढून. समजा एक बंपर सुट्टा ६,००० ला आहे, बारा घेतले तर ५,००० ला आणि आठ-नऊ घेतले तर ५,६०० ला. बाराजणांनी नावं दिली आणि ऑर्डरच्या आदल्या दिवशी तिघं गळाले (तिघं तरी गळतातच, हे धरूनच चाला), तर उरलेल्या नऊजणांना माणशी ६०० जास्त पडणार, म्हणजे एकूण ५,४०० चा खड्डा. ग्रुप बायमधे हा खड्डा नऊजणांनी भरायचा, किंवा गळालेल्यांच्या ॲडव्हान्समधून कापायचा, पण ते आधी ठरलेलं पाहिजे. बुकिंगमधे खड्डा विकणाऱ्याचा. त्यानं ५,३०० सांगितलेत तर ५,३०० च, बाराजण येऊ देत नाहीतर तिघं. तेवढ्यासाठीच तर तो वरचे पैसे घेतो. म्हणून "गिऱ्हाईक कमी पडले, रेट वाढला" हे वाक्य बुकिंगवाल्याच्या तोंडून आलं तर सरळ नाही म्हणा.

आता हा रेट मुळात उतरतो कशानं ते पण बघू, कारण निम्म्या ग्रुप बायमधे खरी बचत होतच नाही. फायबरचा पॅनेल, म्हणजे एफआरपी, हातानं बनतो. साच्यात आधी जेलकोट (वरचा गुळगुळीत थर), मग काचेच्या धाग्याची मॅट आणि रेझिन, असे थर देत जायचं, सुकलं की काढायचं, कडा घासायच्या. एकाला जेवढी मेहनत तेवढीच दहाव्यालाही, त्यामुळं दहा नग घेतले म्हणून कारागिराचा खर्च काही फार कमी होत नाही. फक्त तुमच्या मॉडेलचा साचा नवीन बनवायचा असेल तर त्याचा खर्च दहाजणांत वाटला जातो. एबीएस किंवा पीपी ह्या प्लॅस्टिकचा, मशीनवर ओतून काढलेला इंजेक्शन मोल्डिंगचा बंपर वेगळा, तिथं डायच (धातूचा साचा) लाखांत जाते आणि एकदा डाय झाली की नग फटाफट निघतात, म्हणून तिथं संख्येला खरी किंमत आहे. पण आपण दहा-पंधराजण मिळून कुणी आपल्यासाठी डाय करणार नाही, डाय आधीच असते, आपल्याला मिळतं ते डीलरच्या मार्जिनमधलं थोडं.

मग खरी बचत कुठं, तर गाडीभाड्यात. बंपर हलका पण अवाढव्य. बरेच कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमधे काढून ५,००० नं भागतात आणि जे येईल ते वजन धरतात. १८० बाय ५० बाय ४० चा खोका धरला तर ७२ किलो, आतला बंपर उचलून बघा, पाच-सहा किलोच्या आसपास. दिल्लीच्या कश्मीरी गेटहून किंवा करोल बागेतून असा एकच खोका कुरिअरनं मागवला तर भाडं ऐकून माणूस जुन्याच बंपरला पुट्टी मारून गप्प बसेल. तेच दहा नग एकात एक घालून ट्रान्स्पोर्टच्या लॉरीत टाकले की माणशी भाडं एकदम खाली येतं. म्हणून माझं मत असं की चार-पाचजणांसाठी ग्रुप बायच्या नादाला लागूच नका, बेंगळूरच्या जेसी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत कुणाची तरी फेरी होतच असते, गाडीच्या टपावर बांधून आणा.

बिल. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. बुकिंगमधे विकणाऱ्यानं तुम्हाला तुमच्या नावाचं बिल द्यायचं, संपलं. ग्रुप बायमधे सप्लायर म्हणतो एकाच नावावर करू, बरं पडतंय, आणि आपण पण हो म्हणतो. एका नावावर बिल झालं की सप्लायरच्या दृष्टीनं गिऱ्हाईक एकच, बाकीच्या नऊजणांना तो ओळखत पण नाही. उद्या तुमच्याच बोनेटला तडा निघाला तर तुम्ही कोण? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधे एक चांगली सोय आहे, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे विकणारा दिल्लीचा असला तरी बेळगावात, आणि ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी पण नाही. पण त्याच कायद्यात पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक धरत नाहीत. आता एकाच माणसाच्या नावावर दहा बोनेटांचं बिल बघून समोरचा वकील पहिलं काय म्हणेल ते सांगायला नको. तेव्हा दहा वेगवेगळी बिलं मागा, माल एकाच बिल्टीनं आला तरी चालतंय. सप्लायर थोडा कुरकुरतो, करून देतो.

टॅक्सचं एक उगाचच डोक्यात बसलेलं असतं, की बाहेरच्या राज्यातून आणलं की जास्त लागतो. जीएसटीच्या आधी सीमेवर विक्रीकराचे चेकपोस्ट होते, ते जुलै २०१७ नंतर उठले, पण आपल्या सीमाभागातल्या माणसाच्या मनातून अजून उठलेले नाहीत. गाडीच्या पार्टला २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के आहे, बेळगावकरानं बेंगळूरहून आणलं तर ९ अधिक ९ (केंद्राचे आणि राज्याचे), दिल्ली-पुण्याहून आणलं तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) १८, तुमच्या खिशातून जाणारे तेवढेच. फक्त ५० हजाराच्या वरच्या बिलाला ई-वे बिल (माल नेण्याचा ऑनलाइन कागद) लागतं, ते सप्लायरला आधीच काढायला सांगा, नाहीतर माल वाटेत अडकून पडतो. आणि बुकिंग घेणाऱ्यांसाठी एक कानगोष्ट: कर्नाटकात मालाच्या धंद्याला ४० लाखाच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही हे खरं, पण बेळगावात बसून चंदगडला किंवा गडहिंग्लजला माल पाठवून विकला की ते दुसरं राज्य झालं, तिथं ही सूट लागू नाही. आपल्याला इतक्या जवळचं चंदगड परकं वाटत नाही, पण टॅक्सवाल्यांना वाटतं.

मोडतोडीचं बघा आता, कारण फायबर आहे, एखादा नग फुटून येणारच. मालविक्री कायदा १९३० असं सांगतो की वेगळं काही ठरलं नसेल तर विकणाऱ्यानं माल ट्रान्स्पोर्टच्या ताब्यात दिला म्हणजे साधारणपणे तो गिऱ्हाइकाला दिल्यासारखंच. त्यात बिल्टीवर "ओनर्स रिस्क" छापलेलं असतं, म्हणजे वाटेतलं नुकसान मालाच्या मालकाच्या बोडक्यावर. बुकिंगमधे ह्यावर एकच ओळ लिहून घ्या: माझ्या हातात येईपर्यंत जबाबदारी तुमची. चांगला विकणारा नाही म्हणत नाही. ग्रुप बायमधे मात्र असं लिहून घ्यायला समोर कोण आहे? पुढं झालेला माणूस तुमच्यासारखाच गिऱ्हाईक. एका ग्रुपात असं झालं की अकरा नग धड आले, एक मधोमध चिरलेला, आणि तो ज्याच्या नावाचा म्हणून चिठ्ठी लावली होती तो म्हणाला मलाच का, बाकीचे म्हणाले तुझी चिठ्ठी म्हणून तुझा. त्यापेक्षा पैसे भरायच्या आधीच ठरवा की नगावर नाव नाही, फुटलेल्याची किंमत सगळ्यांत वाटायची, किंवा माणशी शंभर-दोनशे जादा काढून बाजूला ठेवायचे आणि काही नाही फुटलं तर परत करायचे. ट्रान्झिट इन्शुरन्स (वाटेतल्या नुकसानीचा विमा) मिळत असेल तर तो घ्याच, दहाजणांत वाटला की जड होत नाही.

पुढं होणाऱ्याच्या मेहनतान्यावरून पण भांडणं होतात. आमचं म्हणणं, घ्यावा की त्यानं, फोन त्याचे, गोडाऊनला हेलपाटे त्याचे, पण उघड घ्यावा. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणं दुसऱ्यांच्या वतीनं काम करणारा मागितला की हिशेब द्यायला बांधील असतो, आणि न सांगता मधल्यामधे केलेला फायदा त्याच्याकडून मागता येतो. सप्लायरनं "दहावर एक फुकट" दिला आणि तो गुपचूप ह्याच्या गाडीला लागला, तर तो ग्रुप बाय राहिला नाही. बुकिंगवाल्यानं दहावर दोन फुकट मिळवले तरी ते त्याचं कौशल्य, आपण बोलायचं काम नाही. त्यामुळं कुणी क्यूआर टाकला की एवढंच विचारा, "सप्लायरचं कोटेशन दाखवता काय?" दाखवलं तर ग्रुप बाय. "ते कशाला, माझा रेट हा" म्हणाला तर बुकिंग, आणि मग बुकिंगच्या अटी त्याच्याकडून मागून घ्या. "दाखवतो नंतर" म्हणाला तर पैसे पण नंतर द्या.

कुठल्या गाडीला कुठलं बरं? पोलोचं उत्पादन इथं २०२२ ला बंद झालं तरी रस्त्यावर गाड्या भरपूर आहेत, बंपर-फेंडर बाजारात मिळतात, तिथं भाव ठरलेला असतो, बुकिंगच बरं, डोक्याला ताप नाही. जिप्सीचं वेगळं. मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव म्हणून की काय, बेळगावात जिप्सीचं वेड जास्तच, लष्कराच्या लिलावातल्या गाड्या घेऊन लोक वर्षानुवर्षं जोडत बसतात. नवी गाडी गिऱ्हाइकाला २०१९ पासून मिळेना झालीय, तेव्हा चांगल्या फायबर कारागिराला गाठून मिळून ऑर्डर दिली तरच मनासारखा माल येतो, जाडी किती हवी, आतून पट्टी कुठं हवी हे सांगता येतं. तिथं ग्रुप बायला पर्याय नाही. फक्त एक करा, आधी एकच नग मागवून एका गाडीला बसवून बघा. गॅप सारखा येतोय काय, बोनेटचं लॉक बसतंय काय, भोकं जागेवर आहेत काय. डेंटिंगवाल्यासमोर बघा, आपल्याला सगळंच छान दिसतं. जेलकोट म्हणजे रंग नव्हे, घासणं, प्रायमर, रंग हे सगळं अजून बाकी असतं, तो खर्च यादीतल्या रेटमधे कुणीच धरत नाही. पीपीच्या बंपरला तर प्लॅस्टिक प्रायमर लागतोच, नाहीतर चार महिन्यात रंग पापुद्र्यासारखा निघतो.

आणि यादी लिहिताना नुसतं "मडगार्ड - १" लिहू नका. डावं का उजवं, गाडी कुठल्या सालची, इंडिकेटरचं भोक आहे का नाही, सगळं लिहा. माल बेळगावच्या गोडाऊनला उतरवायचा का निपाणीला ते पण आधीच ठरवा, पुणे-मुंबईकडून येणारी लॉरी निपाणीवरूनच पुढं येते आणि तिथल्या चौघांना उगाच बेळगावला हेलपाटा कशाला. खोके सगळ्यांसमोर फोडा, फोडताना मोबाइलवर शूटिंग करा, फुटका निघाला तर बिल्टीच्या कॉपीवर तिथंच शेरा मारून ट्रान्स्पोर्टवाल्याची सही घ्या. आणि नवा पॅनेल नीट बसल्याशिवाय जुना भंगारात घालू नका.