अंधारात वाचायचा दिवा घेताना

‘वाचायला एखादा पॉवरफुल दिवा द्या,’ असं म्हणत रोज कुणी ना कुणी दुकानात येतं. त्यातला ‘वाचायला’ हा शब्द आम्ही लक्षात ठेवतो आणि ‘पॉवरफुल’ सोडून देतो. का, ते सांगायला हा कागद छापला आहे. काउंटरवर गर्दी असली की एवढं बोलणं होत नाही.

आमचं दुकान पुण्यात, तपकीर गल्लीच्या जवळ. त्यामुळे या दिव्यांची गिऱ्हाइकं मुख्यतः दोन प्रकारची. एक, सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली. दुसरी, पहाटे चारला उठून पोथी वाचणारी किंवा रात्री दोनला झोप उडणारी वडीलधारी मंडळी. दोघांची अडचण एकच: आपल्याला वाचायचंय आणि खोलीतल्या दुसऱ्या माणसाला झोपायचंय.

आता थोडा हिशेब. दिवा एकूण किती उजेड देतो ते ल्युमेनमध्ये मोजतात आणि पानावर किती पडतो ते लक्समध्ये. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. आरामात वाचायला पानावर ३०० लक्स पुरतात. बारीक टाइप असेल तर ५०० धरा. डेमी आकाराचं पुस्तक उघडून ठेवलं की त्याची दोन पानं मिळून साधारण एका ए-फोर कागदाएवढी होतात, आणि ए-फोर कागद म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. ३०० भागिले १६ केलं की उत्तर येतं जेमतेम १९ ल्युमेन! थोडा उजेड पानाबाहेर सांडणारच, म्हणून ४०-५० ल्युमेनचा दिवा घ्या. खोक्यावर ‘१००० ल्युमेन’ लिहिलेली टॉर्च घेतलीत तर उरलेला उजेड भिंतीवर, छतावर आणि रूममेटच्या तोंडावर जाणार.

त्यापेक्षा दिवा पानापासून किती लांब आहे ते बघा. छोटा दिवा एक फुटावरून दोन फुटांवर नेला की पानावरचा उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. म्हणून मान लांब असलेला आणि हवा तसा वाकणारा साधा दिवा, आखूड मानेच्या महागड्या दिव्यापेक्षा कामाचा. वाकवल्यावर मान तिथेच राहते की हळूहळू खाली येते, हे दुकानातच दोन मिनिटं बघून घ्या. स्वस्तातल्या दिव्यांची मान महिन्याभरात लोळायला लागते.

वय वाढलं की उजेड जास्त लागतो, हे मात्र खरं. बाहुली आकसते, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. विशीतल्या माणसाच्या मानाने साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. नातवाच्या दिव्यात आजोबांना दिसत नाही, त्यात दिव्याचा दोष नसतो. पण भर दुपारी खिडकीपाशी बसूनही अक्षर पुसट दिसत असेल, तर आधी चष्म्याचा नंबर तपासून या. दिवे विकणं हा आमचा धंदा आहे, तरी सांगतो.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये लिहिलेला असतो. आकडा लहान तेवढा उजेड पिवळा, मोठा तेवढा निळसर. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा, ४००० मधला, ६५०० ट्यूबसारखा पांढराफटक. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन तो पांढरा करतात. (ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं, त्याला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) निळसर उजेड शरीरात रात्री तयार होणाऱ्या मेलॅटोनिनला, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं सांगणाऱ्या संप्रेरकाला, आडवा येतो आणि झोप उशिरा लागते. वाचता वाचता झोपायचं असेल तर ३००० च्या वर जाऊ नका. रात्री जागूनच अभ्यास करायचाय त्यांनी ४००० घ्यावा. ६५०० वाला आम्ही मागितल्याशिवाय दाखवत नाही. पिवळ्या दिव्यावर पावसाळ्यात किडेही कमी येतात, हा वरचा फायदा. गावाकडे ओसरीवर वाचणाऱ्यांना तो आधी पटतो.

प्रकारांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. पुस्तकाला लावायचा चिमट्याचा दिवा कादंबरी-मासिकाला उत्तम. पण जाडजूड गाइडला तो नीट बसत नाही, पातळ दिवाळी अंकाचं पान वाकवतो, आणि गुळगुळीत कागदावर वरून उजेड पडला की चकाकी थेट डोळ्यांत येते. अशा वेळी दिवा बाजूने लावा. गळ्यात अडकवायच्या दिव्याला सुरुवातीला आम्हीही हसलो होतो. आता आडवं पडून वाचणाऱ्यांना तोच देतो, कारण कूस बदलली तरी उजेड पुस्तकावरच राहतो आणि पान उलटताना काही काढावं-लावावं लागत नाही. लिहिणाऱ्यांनी मात्र टेबलावरचा घडीचा दिवाच घ्यावा आणि तो डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडणार नाही. डावखुऱ्यांनी उजवीकडे. डोक्याला बांधायची टॉर्च ट्रेकला ठीक. खोलीत मान वर केलीत की समोरचा दिपला. तिच्यातला लाल दिवा अभ्यासाला वापरायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: लाल उजेडात लाल पेनाने केलेल्या खुणा आणि गुलाबी हायलायटर दिसतच नाहीत. एक मुलगी पुस्तकाच्या खुणा पुसल्या गेल्या म्हणून घाबरून आली होती.

विकत घेण्याआधी एक चाचणी जरूर करा. दिवा मंद करा आणि त्याखाली पेन्सिल भरभर हलवा. पेन्सिलीची सलग धूसर पट्टी दिसली तर ठीक. पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतोय. तो इतक्या वेगाने चालू-बंद होतो की एरवी जाणवत नाही, पण काही जणांचं तासाभरात डोकं जड होतं.

बॅटरीचं गणित सोपं आहे. १००० एमएएचचा लिथियम सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे ३.७ वॉट-तास. दिवा अर्धा वॉट खात असेल तर कागदावर सात तास, प्रत्यक्षात सहा. अर्ध्या वॉटमध्ये वर सांगितलेले ४०-५० ल्युमेन मिळतात. खोक्यावर ‘६० तास’ लिहिलं असेल तर ते सर्वांत मंद उजेडाचे, जेमतेम चप्पल सापडेल इतक्या. जुन्या पद्धतीचे ४ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे इमर्जन्सी लाइट आम्ही वाचायला देत नाही. ते दोन-तीन महिने चार्ज न करता कपाटात राहिले की बॅटरी बसते, आणि लाइट गेल्यावरच ते कळतं. लिथियमवाला दिवा बरेच दिवस लागणार नसेल तर अर्धा चार्ज करून ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका.

सर्वांत जास्त तक्रार येते ती अशी: ‘टाइप-सी पिन आहे, पण चार्जच होत नाही.’ दहातले बहुतेक दिवे चांगले निघतात. स्वस्त दिव्यांत चार्जरला ‘मला वीज दे’ असं सांगणारे दोन इवले रेझिस्टर कंपनीने पैसे वाचवायला बसवलेलेच नसतात. मग दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली मोबाइलची नवी वायर त्यांना चालत नाही. एका टोकाला जुनी चपटी, चौकोनी यूएसबी पिन असलेली वायर लावा, लगेच चार्ज होईल. दिवा परत आणायच्या आधी एवढं करून बघा. तरीही नाही झाला तर आणा. विकत घेतल्यापासून सात दिवसांत आम्ही बदलून देतो.

दिव्याचं अंग फुगलेलं दिसलं, झाकण आपोआप उघडायला लागलं, तर सेल फुगलाय. तो चार्ज करू नका, टोचू नका, कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. आमच्याकडचा नसला तरी आणून द्या, आम्ही ई-कचरा नेणाऱ्यांकडे देतो.

येताना तुम्ही रोज वाचता तेच पुस्तक घेऊन या, चष्मा असेल तर तोही. दुकानातल्या झगमगाटात सगळेच दिवे सारखे वाटतात, म्हणून आम्ही माळ्यावर एक खुर्ची टाकून ठेवली आहे. तिथे खिडकी नाही. हवे ते दोन-तीन दिवे घेऊन वर जा, दहा पानं वाचा, घाई नाही. जिना अरुंद आहे आणि तुळई खाली आली आहे, तेवढं डोकं सांभाळा.